बुऱ्हाणपूरला बिऱ्हाड हलवायचं? आधी घाट बघा, मग घर



उन्हाळा लागला की सोसायटीत एक प्रश्न हमखास येतो. "इकडं आता भागत नाही. वर बुऱ्हाणपूरला जावं म्हणतोय. कुठल्या भागात घर बघू?" विचारणारे बहुतेक तरणे असतात. लग्न झालेलं, दोन लेकरं, घरात म्हातारी आई. कुणाचा साडू तिकडं असतो, कुणाच्या बायकोचं माहेर तिकडचं असतं. त्यांना वाटतं, तापी तीच, मासा तोच, गाडीनं भुसावळहून दीड तासाचा रस्ता, मग अडचण काय?

अडचण आहे ती रावेरच्या पुढं लागणाऱ्या राज्याच्या हद्दीची. मासा ती ओळखत नाही, पण शाळा, दाखला, रेशन आणि मासेमारीचा हक्क या चारही गोष्टी तिथं बदलतात. म्हणून घर कुठं घ्यायचं याआधी काय काय बघावं लागतं ते एकदा सविस्तर लिहितो आहोत. जावं की जाऊ नये हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण बिऱ्हाड टेम्पोत भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

गाव कसं आहे

तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवते. सातपुड्यातून येत ती बुऱ्हाणपूरला लागते, तिथून जळगाव जिल्ह्यात उतरते, चांगदेवला पूर्णा तिला मिळते आणि पुढं हतनूर धरण. म्हणजे आपल्या हतनूरला येणारं तापीचं पाणी आधी बुऱ्हाणपूरचे घाट बघून येतं. जुनं शहर नदीच्या उत्तर काठावर, समोर दक्षिण काठावर जैनाबाद. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा जळगाव मुंबई राज्यात आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. आधी तो भाग खंडवा जिल्ह्यात होता, १५ ऑगस्ट २००३ ला बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळं कलेक्टर ऑफिसापासून मत्स्य विभागापर्यंत जिल्ह्याची कामं आता तिथल्या तिथं होतात, खंडव्याला जावं लागत नाही.

हे गाव बाहेरून आलेल्यांनीच भरलेलं आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर प्रदेशातले अन्सारी विणकर इथं आले. तेच लोक मालेगाव-भिवंडीतही गेले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. रेल्वे आणि ताप्ती मिल यांच्यामुळं लालबागचा भाग वाढला. मराठी, निमाडी, हिंदी, उर्दू सगळं एका गल्लीत ऐकू येतं. म्हणून 'परका' म्हणून कुणी दारातून हाकलेल ही भीती नको.

पण एक गोष्ट नीट बघा. जे आले ते धंदा बघून बसले. विणकर मागाजवळ राहिला, रेल्वेवाला स्टेशनजवळ, व्यापारी बाजाराजवळ. आपला धंदा पाण्याजवळचा, आणि इथंच आपली गोष्ट वेगळी होते. मागाजवळ घर घेतलं तर माग घरात घुसत नाही. पाणी घुसतं.

कोणत्या भागात राहायचं

घाटाजवळ. राजघाट, सतियारा घाट, नागझिरी घाट या बाजूला राहिलं तर होडी नजरेसमोर. पहाटे जाळं उचलायला जाताना बायकोला कंदील घेऊन सोबत यावं लागत नाही. आपल्या धंद्यातली माणसं इथंच भेटतात, कुणाचं जाळं फाटलं, कुणाला मासा लागला ते सकाळीच कळतं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये तापीला जो पूर आला तो विसरू नका. घाटावरची देवळं पाण्यात गेली होती. घाटाजवळ घर बघायला गेलात तर घरमालकाला विचारू नका, समोरच्या दुकानदाराला विचारा, "त्या वेळी पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवर डाग दाखवतील. त्या डागाच्या वर घर असेल तरच पुढचं बोलणं.

जुना कोट. १७३१ च्या सुमारास निजाम आसफजाहनं शहराला तट बांधला, त्याच्या वेशी अजून उभ्या आहेत. शनवारा, इतवारा ही नावं रोज कानावर येतील. कोटाच्या आत उंच भागात घर मिळालं तर पुराची धास्ती कमी, बाजार जवळ, दवाखाना जवळ. गल्ल्या मात्र अरुंद. जाळी वाळवायला, होडी दुरुस्तीला आवार मिळत नाही. जाळं ठेवायला घाटाजवळ वेगळी खोली लागते, म्हणजे दोन भाडी.

लालबाग. स्टेशन इथंच. नदीपासून तीन-चार किलोमीटर. ज्यांचा मासा रेल्वेनं भुसावळ किंवा खंडव्याला जायचा आहे त्यांना सोयीचं. बुऱ्हाणपूर-भुसावळ साधारण ५५ किलोमीटर, खंडवा ७० च्या आसपास. घरातलं कुणी कामाला भुसावळला ये-जा करणार असेल तर लालबागच बरं. पहाटे नदीवर जायला मात्र मोटारसायकल लागणारच, तो पेट्रोलचा खर्च भाड्यात धरा.

जैनाबाद. नदीच्या पलीकडं. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात वारली, तिला आधी इथल्याच बागेत ठेवलं होतं, ते हे जैनाबाद. मोकळी जागा, शेतं, जाळी पसरायला आवार. पण मोठा दवाखाना आणि कॉलेज अलीकडं. पावसाळ्यात कोणता पूल चालू राहतो, कोणता पाण्याखाली जातो आणि मग किती वळसा पडतो हे आधी विचारून घ्या. घरात बाळंतपण होणार असेल किंवा आजारी माणूस असेल तर हा प्रश्न भाड्याहून मोठा आहे.

शहापूर-इच्छापूर पट्टा. इंदूरहून मुक्ताईनगरकडं येणाऱ्या महामार्गावरचा, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचा भाग. इथं मराठी घराघरात आहे. म्हातारी माणसं सोबत असतील तर त्यांना इथं करमतं. देवळातल्या आरतीपासून दुकानातल्या उधारीपर्यंत भाषा आपली. पण मुख्य घाटावर धंदा करायचा तर रोजचा प्रवास आहे.

आणि सहावा पर्याय, जो कुणी विचारत नाही: घर रावेरलाच ठेवायचं आणि माणसानं ये-जा करायची. त्याबद्दल खाली.

पाणी कुणाचं

घर मिळालं म्हणजे नदी मिळाली असं नाही. मध्य प्रदेशात २००८ च्या मत्स्य धोरणानुसार तलाव आणि जलाशय क्षेत्रफळाप्रमाणे वाटलेले आहेत. दहा हेक्टरपर्यंत ग्रामपंचायत, त्यावर शंभरपर्यंत जनपद पंचायत, त्यावर हजारपर्यंत जिल्हा पंचायत. इंदिरा सागरसारखे मोठे जलाशय मत्स्य महासंघाकडं. आपण 'ठेका' म्हणतो, तिकडं 'पट्टा' म्हणतात. पट्टा साधारण दहा वर्षांचा. म्हणजे गेल्या वर्षी एखाद्या समितीला तलाव गेला असेल तर तुमचा पहिलीतला पोरगा दहावीला जाईपर्यंत तो पुन्हा निघत नाही. आणि पट्ट्यात पहिला हक्क तिथल्या वंशपरंपरागत मच्छीमारांच्या समित्यांचा. महाराष्ट्रातल्या सोसायटीचं ओळखपत्र दाखवून तिथल्या तलावात जाळं टाकता येणार नाही.

नदीच्या पात्राचे नियम तलावाहून वेगळे आहेत. जिल्ह्याच्या मत्स्योद्योग कार्यालयात सहायक संचालकांना भेटून विचारा, घाटावरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

बंदीचा काळही लक्षात ठेवा. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट. आपल्या किनाऱ्यावरच्या भावांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्याच्याशी घोळ करू नका. बंदीत सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नदीशी संबंध नसलेल्या छोट्या तलावांना ही बंदी लागू नाही, पण ते तलाव कुणाच्या तरी पट्ट्यात असतात.

म्हणजे नवीन गावात गेल्या-गेल्या दोन महिने हात बांधलेले. त्या काळात काय करायचं? बुऱ्हाणपुरात पॉवरलूम आहेत, केळीचं काम आहे. घडाची कापणी, गाडी भरणं. तरणा माणूस उपाशी राहत नाही. पण मजुरी आणि धंदा यात फरक आहे. बंदीतली बचत-सह-मदत योजना आहे, तीत मच्छीमाराचे दीड हजार आणि सरकारचे तीन हजार मिळून साडेचार हजार तीन महिन्यांत मिळतात, पण त्यासाठी त्या राज्यात नोंद असलेला मच्छीमार असावं लागतं. पाच लाखांच्या अपघात विम्याचंही तसंच. इकडचं नाव कमी झालं आणि तिकडचं लागलं नाही, अशा मधल्या काळात होडी उलटली तर घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं? हा काळ शक्य तितका छोटा ठेवा.

तवा आणि हरसूद

मध्य प्रदेशातल्याच दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आपल्याच धंद्याच्या आणि आपल्याच प्रश्नाच्या आहेत.

तवा धरणात गावं बुडाली. तिथल्या विस्थापित आदिवासींनी झगडून १९९६ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आपल्या संघासाठी मिळवला. प्राथमिक समित्या, मासा एकत्र गोळा करणं, विक्री, सगळं त्यांनी स्वतः चालवलं. पाच वर्षांनी करार वाढला, पण २००६ च्या शेवटी संपला तो पुन्हा झाला नाही. त्या लोकांनी काम वाईट केलं म्हणून नव्हे. पाण्याचा हक्क कागदावर असतो आणि कागदाला मुदत असते. त्यांच्याकडं तर सगळे तिथलेच लोक होते. आपण बाहेरून जाणार, म्हणून कोणत्या समितीत, किती मुदतीवर, हे आधी बघायचं.

दुसरी गोष्ट हरसूदची. खंडवा जिल्ह्यातलं जुनं बाजारपेठेचं गाव. इंदिरा सागरच्या पाण्यासाठी ३० जून २००४ पर्यंत ते रिकामं करायला लावलं. लोकांनी आपल्या हातानं आपल्या घरांची दारं-खिडक्या काढल्या. छनेराला नवीन हरसूद वसवलं. कुणी तिथं प्लॉट घेतला, कुणी पैसे घेऊन खंडव्याला किंवा आणखी कुठं गेलं. नवीन गावात घरं उभी राहिली, पण दुकान चालेना. कारण ज्या खेड्यांतून गिऱ्हाईक यायचं ती खेडीही पाण्यात गेली होती, माणसं दहा दिशांना पांगली होती. हरसूदच्या लोकांना निवड करायला वेळ मिळाला नाही, आपल्याला आहे. मग निदान एवढं तरी बघू या: नवीन जागी आपला मासा घेणार कोण? बाजारात कोणती बाई कुठं बसते, तिच्या शेजारी आपल्या बाईला बसू देतील का, घाऊकवाला रोख देतो की आठवड्यानं? घराचं भाडं ठरवण्याआधी हे चार दिवस बाजारात उभं राहून बघा. आणि हे बघायला पुरुषानं एकट्यानं जाऊ नये. विकायचं बाईला आहे, तिनं बघितलं पाहिजे.

दाखला आणि शाळा

आता सगळ्यात नाजूक विषय.

महाराष्ट्रात भोई भटक्या जमाती 'ब' मध्ये येतात. मध्य प्रदेशात भोई, ढीमर, कहार, केवट हे इतर मागासवर्गात आहेत. नाव सारखं म्हणून सवलत आपोआप सोबत जात नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्याला नवीन राज्याच्या आरक्षणाचा हक्क आपोआप मिळत नाही. मुलाची जात बघताना वडिलांचं मूळ राज्य बघतात. महाराष्ट्रात भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना जन्म-मृत्यूचा उतारा, हे कागद गावच्या पेटीत असतील तर जाण्याआधी प्रती काढा आणि मुलांचे जातीचे दाखले इथंच करून घ्या. एकदा गाव सुटलं की तलाठ्याकडं चार चकरा मारायला कुणाला सवड नसते.

शाळेचं तर त्याहून नेमकं आहे. महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा तर काही अपवाद सोडून दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच पास लागते. पोरगी आठवीत हुशार आहे आणि तुम्ही तिला बुऱ्हाणपूरच्या शाळेत घातलं, तर चार वर्षांनी ती महाराष्ट्राची धरली जाणार नाही, आणि मध्य प्रदेशाची धरली जाईल याची खात्री नाही. घर बदलताना कुणी याचा विचार करत नाही, कारण तेव्हा ती फक्त आठवीत असते.

लहान मुलांचं सोपं आहे. लिपी तीच, हिंदी चार-सहा महिन्यांत येते. गणितातले शब्द वेगळे पडतात, तेवढी शिकवणी लावा. तिकडं शाळेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आपल्यासारखं जूनला नाही. शाळा सोडल्याचा दाखला घेताना शिक्षणाधिकाऱ्यांची सही मागतील का, ते नव्या शाळेत आधीच विचारून घ्या. तिथं गेल्यावर 'समग्र' आयडी काढावा लागतो, शाळा आणि सरकारी योजनांत तोच विचारतात.

बायकांचंही बघा. लाडकी बहीणचे महिन्याचे दीड हजार महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहेत. रहिवास बदलला की तो हक्क राहत नाही, आणि दोन्हीकडं नाव ठेवणं गुन्हा होऊ शकतो. रेशन 'एक देश एक रेशन कार्ड'मुळं तिकडंही उचलता येतं. पाच लाखांचं आयुष्मान कार्ड दोन्ही राज्यांत चालतं.

मग काय करावं

सोसायटीत यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही आम्हाला खोटी वाटत नाहीत. जुनी मंडळी म्हणतात, माणसानं जावं, बिऱ्हाड हलवू नये. शनिवारी घरी, सोमवारी नदीवर. पोरांची शाळा, आईचं औषध, सोसायटीचं सभासदत्व, काहीच हलत नाही. तरणी मंडळी म्हणतात, हे ऐकायला बरं आहे. आठवड्याचे सहा दिवस बाप नसलेलं घर आणि बाजारात एकटी बसलेली बाई, याचाही हिशोब करा. आणि दोन चुली म्हणजे दोन खर्च.

आम्हाला जे जमेल असं वाटतं ते असं. पहिलं वर्ष भाड्यानं राहा, गावचं घर विकू नका. घर पावसाळ्यात बघा, मे महिन्यात प्रत्येक घाट शांत असतो. घरात आठवी ते बारावीचं लेकरू असेल तर त्याची शाळा पूर्ण होईपर्यंत बिऱ्हाड इकडंच ठेवा आणि माणसानं ये-जा करावी. लेकरं चौथीच्या आत असतील आणि दोन पायांवर उभं राहायची तयारी असेल तर सगळ्यांनी मिळून जावं, अर्धवट नको. किरायानामा लेखी करा, तोच पत्त्याचा पहिला कागद होतो. अनुदानावर घेतलेली होडी-जाळी राज्याबाहेर नेता येतात का, हे मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय हलवू नका. आणि तिथल्या समितीत नाव लागल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका. ३० सप्टेंबरच्या आत आपली वार्षिक सभा असते, निदान तिला या. नाव टिकतं आणि माणूसही.

एक लांबचं बघणंही हवं. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं तापी खोरे मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार केला. बुऱ्हाणपूरच्या वरच्या अंगाला खारिया गुटीघाटला बंधारा घालून दोन्ही काठांनी कालवे काढायचे आहेत. ३१.१३ टीएमसी पाण्याची योजना, त्यात मध्य प्रदेशाला ११.७६ आणि महाराष्ट्राला १९.३६. केळीच्या पट्ट्यातल्या विहिरींना पाणी मिळेल, ते चांगलंच. पण पावसाळ्यानंतर पात्रात किती पाणी वाहतं राहील, माशाची चढण कशी होईल, हे प्रश्न आपण विचारायचे आहेत. वीस वर्षांसाठी घाट निवडणाऱ्यानं वरच्या धरणाकडं लक्ष ठेवावं, आणि तिकडं गेलेल्या आणि इकडं राहिलेल्या दोघांनी मिळून हे प्रश्न विचारावेत. नदी एकच आहे.

जाणार असाल तर जाण्याआधी एकदा कार्यालयात येऊन जा. दाखल्यांची यादी, बुऱ्हाणपूरच्या मत्स्य कार्यालयात काय विचारायचं त्याचे मुद्दे लिहून देऊ. आणि घरातल्या बाईला सोबत आणा. घर तिला चालवायचं आहे.